दातांची पायली

आमच्या गावात धान्य वाळलं की नाही हे दाताने ठरत असे. ज्वारीचा दाणा दाढेखाली धरायचा आणि चावायचा. कट् असा आवाज करून फुटला तर माल वाळलेला, नुसता चेपला तर अजून ऊन दाखवायचं. हे तसं कोणालाही जमतं. पण दोघांत वाद झाला, किंवा चार घरांचा माल एकत्र भरायचा असला, की लोक माझ्या वडिलांना बोलावत. त्यांचे दात मोठे, एकसारखे आणि थोडे पिवळट होते. सुपारी ते अडकित्त्याशिवाय फोडत, आणि ती फोडताना कोणीतरी बघत असेल तर जरा सावकाश फोडत. दातांचा त्यांना गर्व होता. मला तो गर्व लहानपणापासून आवडत नसे.

मायच्या तोंडाची गोष्ट उलटी होती. प्रत्येक बाळंतपणात तिच्या हिरड्या सुजल्या आणि प्रत्येक वेळी एखादी दाढ गेली. मी धाकटी, म्हणजे शेवटी गेलेली दाढ माझ्या नावावर. मी कळत्या वयाची झाले तेव्हा ती एकाच बाजूने चावत होती आणि समोरचे दातही थोडे हलू लागले होते. हसताना ती पदर तोंडावर धरी. पाहुण्यांना वाटे ही फार लाजाळू आहे. ती मुळीच लाजाळू नव्हती.

त्यामुळे घरात भाकर वाटण्याची एक रीत पडून गेली होती. बाबांना भाकरीची खरपूस, कडक कड आवडे, म्हणून कडा त्यांच्या ताटात. मधला मऊ भाग मायच्या ताटात, तो ती बेसनाच्या पातळ चुनात, म्हणजे पिठल्यात, कुस्करून खाई. मला जे येईल ते. थोरल्या बहिणींची लग्नं झाली होती, घरात आम्ही तिघंच होतो, आणि ही वाटणी इतकी जुनी होती की तिच्याकडे कोणी पाहतही नव्हतं.

आमचं गाव हिंगणीच्या पुढे, बोर धरणाच्या अंगाला. आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा एका दवाखान्याने आमच्याकडे एक योजना आणली. सुरुवातीला लोक लांबूनच पाहत होते, कारण त्याआधी दवाखान्याची जीप दिसली की पुरुष माणसं नसबंदीच्या धाकाने वावरात पळत. योजना अशी होती, की ज्वारी निघाली की प्रत्येक घराने ठरलेल्या पायल्या मोजून द्यायच्या, आणि वर्षभरात घरातल्या कोणालाही अचानक काही झालं तर इलाज फुकट. गावातल्या बहुतेक घरांनी भरलं तरच ती गावाला लागू. पहिल्या वर्षी कसंबसं जमलं. त्या पावसाळ्यात एका सालदाराला साप चावला, तो दवाखान्यातून चालत घरी आला, आणि मग कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. विमा हा शब्द मी पुढे नोकरीत ऐकला, त्याचे हप्तेही पगारातून कापून घेतले. पण विमा म्हणजे काय ते मी ज्वारीत शिकले.

पुढच्या वर्षी त्यांनी दातांचा विषय आणला. दातांसाठी घरामागे एक पायली जास्त. वर्षातून एकदा दातांचे डॉक्टर गावात येतील, घरातल्या प्रत्येकाचं तोंड पाहतील, आणि जे काही निघेल त्याचा इलाज दवाखान्यात होईल. शाळेच्या ओसरीवर बैठक झाली. आम्ही बायका भिंतीला लागून मागे बसलो होतो.

"दुखत नाई तं दाखवाचं काऊन?" पहिलाच प्रश्न असा आला.

दवाखान्याचा माणूस सोशिक होता. दुखायच्या आधी पाहिलं तर दाढ वाचते, असं त्याने सांगितलं.

"बैलाचे दात बजारात पाह्यते, ते इकत घ्याले," एकजण म्हणाला. "आमाले कोन इकत घेऊन राह्यलं?"

ओसरी हसली. हसणं थांबल्यावर एका म्हाताऱ्याने नेमका मुद्दा काढला. "समजा डाक्टरनं पाह्यलं, अन् काईच नाई निंगालं. मंग पायली वापस भेटन का?"

"नाही. पण तुमचे दात चांगले आहेत हे तर कळेल."

"ते तं मले आताच मालूम हाय."

यावर त्या माणसाकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आजही विमा विकणाऱ्यांकडे ते नसतं. बायकांची अडचण निराळी होती. सासऱ्या-भासऱ्यांसमोर ज्या सुनेने कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिने चारचौघांत आ करून बसायचं कसं? ही अडचण कोणी बोलून दाखवली नाही, पण ती ओसरीवर सगळ्यांना दिसत होती.

शेवटी नजरा बाबांकडे वळल्या. दातांचा सवाल, म्हणजे त्यांचाच मान.

"माह्या तोंडात काय हाय ते मले ठावं हाय," ते म्हणाले. "दुसऱ्यानं डोकावून पाह्याची गरज नाई."

लोकांनी माना हलवल्या. दवाखान्याच्या माणसाने मग एवढंच सांगितलं की ज्वारी मोजायच्या दिवशी ज्याने त्याने आपलं काय ते सांगावं, पण दातांनाही अट तीच, बहुतेक घरं आली तरच डॉक्टर येतील. म्हणजे एका घरापुरता हा प्रश्न नव्हताच. बाबा नाही म्हणाले की गाव नाही म्हणणार होतं, आणि गाव नाही म्हणालं की मायसाठी कोणी येणार नव्हतं.

घरी आल्यावर माय चुलीपाशी बसली. भाकर थापता थापता, तव्याकडेच बघत ती म्हणाली, "मले एक बार दाखवाचं हाय."

"सेलूच्या बजारात दात काढनारा बसते," बाबा म्हणाले. "जाऊन ये."

"तो काढते. मले ठेवाचे हाय."

मी तिच्या तोंडून स्वतःसाठी मागितलेली एवढीच गोष्ट ऐकली आहे. समोरचे जे काही दात उरले होते ते तिला ठेवायचे होते.  बाबांनी कड मोडली आणि सावकाश चावत बसले.

मी गप्प राहणाऱ्यांपैकी नव्हते. "एका पायलीनं आपल्या घरातलं काय कमी होते बाबा?"

"पायलीचा सवाल नाई."

"मंग कायचा हाय?"

ते हात धुऊन बैलांकडे गेले. मग मीच उत्तर ठरवून टाकलं. ज्याच्या दातांचं गावात नाव, त्याला डॉक्टरसमोर तोंड उघडण्यात कमीपणा वाटतो. त्या मानापायी हा माणूस बायकोचे दात जाऊ देतोय, असं मला स्पष्ट दिसत होतं, आणि मला त्यांचा संताप आला होता. तो किती दिवस टिकला ते सांगत नाही, पण मी त्यांच्या ताटात भाकर वाढताना आदळत होते एवढं आठवतं.

ज्वारी मोजण्याचा दिवस आला. मारुतीच्या ओट्यावर ताडपत्री अंथरली होती. वर्षभर दवाखान्याच्या कोठीत राहायचं धान्य, ओलसर दाणा आत गेला तर सगळं खराब, म्हणून प्रत्येक घरच्या पोत्यातला दाणा आधी बाबा चावून पाहत आणि मग मापारी पायली भरे. आपल्याकडे मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. सकाळपासून ओट्यावर लाभ, दोन, तीन असं चाललं होतं. दातांची पायली कोणीच देत नव्हतं. दवाखान्याचा माणूस प्रत्येकाला विचारी आणि प्रत्येकजण बाबांकडे बघून नाही म्हणे.

आमचं पोतं गड्याने आणून टाकलं. त्याच्या मागून माय आली. मोजणीच्या जागी बाया येत नसत, आम्ही पोरी फार तर ओट्याच्या कडेला उभ्या राहून पाहायचो. तिच्या डोक्यावर टोपलं होतं आणि त्यात वेगळी ज्वारी होती. तिने ते बाबांच्या पुढ्यात ठेवलं.

"दाताची बी मापा," ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण ओट्यावर सगळ्यांना ऐकू गेलं.

मापाऱ्याने हात थांबवला. आता बाबांना दोनच वाटा होत्या. टोपलं सरकवायचं, नाहीतर दाणा तोंडात टाकायचा. त्यांनी मायकडे पाहिलं नाही. चिमूटभर दाणे घेतले, त्यातला एक तोंडात टाकला आणि चावला. कट् आवाज आला. त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी तरळलं, ते त्यांनी बाहीने पुसलं. चारचौघांत बायकोने मान खाली घालायला लावली म्हणून ते रडवेले झालेत, असं मला वाटलं, आणि मला बरंही वाटलं.

"वाळली हाय," ते म्हणाले. "माप."

"लाभ," मापारी म्हणाला.

त्यानंतर जे आले त्यांनी दातांची पायली दिली, आणि आधी नाही म्हणून गेलेले टोपली घेऊन परत आले. गाव असंच चालतं.

होळीच्या आधी दातांचे डॉक्टर आले. म्हणजे डॉक्टरबाई आल्या, त्यामुळे बायांचा अर्धा प्रश्न तिथेच सुटला. उरलेला अर्धा त्यांनी शाळेच्या दारात चादर बांधून सोडवला. माय आत गेली ती बराच वेळ आतच होती. बाईंनी सांगितलं की दोन मुळं काढावी लागतील, बाकीचे सांभाळले तर राहतील. माय बाहेर आली तेव्हा पदर तोंडावर होता, पण डोळ्यांवरून कळत होतं की ती हसते आहे. मला त्या दिवशी फार आनंद झाला होता.

मग बाईंनी आमच्या घराचं कार्ड पाहिलं आणि विचारलं, "घरचे बाकीचे कुठे आहेत? सगळ्यांचं पाहायचंय."

पुरुषांसाठी खुर्ची बाहेर निंबाखाली ठेवली होती. भोवती माणसं जमलीच होती. गावातल्या सगळ्यात चांगल्या दातांना शहरातली बाई काय म्हणते ते ऐकायला लोक आले होते. बाबा बसले नसते तर ते जास्तच डोळ्यांत भरलं असतं, म्हणून ते बसले. बाईंनी पुढचे दात पाहून मान डोलावली. मग त्यांनी एक बारीक लोखंडी काडी आत घातली आणि उजव्या बाजूच्या मागच्या दाढेवर हलकेच टक् केलं. बाबा खुर्चीतून हातभर उडाले.

"ही तर पोकळ झालीय आतून. किती दिवसांपासून दुखते?"

बाबांनी गालावर हात धरला. बाईंनी पुन्हा विचारलं. "दोन-तीन साल," ते म्हणाले.

आम्ही दोघी खुर्चीच्या मागेच उभ्या होतो. मायचा पदर तोंडावरून खाली आला. "तीन साल?" ती म्हणाली. "अन् मंग कडा काऊन खात होते तुमी?"

त्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं. बाईंनी गालात कापूस दाबला होता, त्यामुळे बोलणं जड येत होतं. पण जे बोलले ते स्पष्ट होतं.

"मी मधलं मांगतलं असतं, तं तू काय खाल्लं असतं?"

आजूबाजूला कोणी हसलं नाही.  मला मोजणीच्या दिवशीचं त्यांच्या डोळ्यांतलं पाणी आठवलं आणि ते कशाचं होतं ते कळलं. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं, त्याची आता लाज वाटली. तरी मी आजही म्हणेन की त्यांच्या नकारात मान होताच, अर्धा तरी होता. दाढ किडली हे गावाला कळू द्यायचं नव्हतं. उरलेला अर्धा मायला कळू द्यायचं नव्हतं, कारण कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून मऊ भाकर त्यांच्या ताटात पडली असती आणि कडा तिच्या. कुठल्या अर्ध्याचं वजन जास्त होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

त्यांची दाढ दवाखान्यात काढली, त्याच पायलीवर. मायचे समोरचे दात पुढे कितीतरी वर्षं राहिले. पुढच्या सुगीत दाणा चावून पाहायला बाबांनी मला ओट्यावर पुढे केलं. लोकांनी थोडी कुरकुर केली, मग सवय झाली.

भाकरीला मधलं एकच असतं. म्हणून निंबाखालच्या त्या दिवसापासून माय दोन भाकरी जास्त थापू लागली, मधलं मधलं दोघांच्या ताटात वाढू लागली, आणि घरातल्या सगळ्या कडा माझ्या ताटात येऊ लागल्या. मी त्या चावून खाल्ल्या.