पाठीमागचं 'ठीक'

दत्तात्रय आंबर्डेकरांना हिरवा आणि लाल यांतला फरक कळत नसे. तरुणपणी हवाई दलाच्या तपासणीत ठिपक्यांमधला आकडा दिसला नाही, म्हणून ते बँकेत लागले, बदली होऊन लखनऊला आले आणि तिथल्या 'महानगर' वस्तीतच म्हातारे झाले. फोटोचा नाद मात्र सुटला नाही. काढायचे ते फक्त कृष्णधवल. "रंगीत म्हणजे नुसता थिल्लरपणा," असं ते म्हणायचे, आणि बायको विजया लगेच म्हणायची, "नाचता येईना, अंगण वाकडं!"

निवृत्तीनंतर त्यांनी घरी इंकजेट प्रिंटर आणला आणि फजिती झाली. काळ्यापांढऱ्या फोटोलाही रंग असतो, हे तेव्हा कळलं. नुसत्या काळ्या शाईने छापावं, तर गालावर रवा सांडल्यासारखे दाणे उठत. सगळ्या रंगीत शाया मिसळून छापावं, तर चेहरा सायीसारखा मऊ उतरे. पण त्यासाठी त्या-त्या कागदाचं प्रोफाइल, म्हणजे कुठली शाई किती सोडायची याचं गणित, कॉम्प्युटरवर निवडावं लागे. ते चुकलं, की करड्यात हिरवी नाहीतर गुलाबी झाक शिरायची. दत्तात्रयांना दोन्ही सारखंच दिसे.

मग विजया प्रिंट घेऊन बाल्कनीत उजेडात जायची. "शेवाळलाय हो," म्हणायची, किंवा "अबोली मारतोय." ते पुन्हा छापायचे. जमला, की ती पेन्सिलीने मागे 'ठीक' लिहायची. त्या शब्दाशिवाय एकही फोटो घराबाहेर गेला नाही.

गेल्या फेब्रुवारीत विजया गेली. आता वर्षश्राद्ध चार दिवसांवर आलं होतं. दत्तात्रयांनी पेटीतून तिचा दोन दिवाळ्यांपूर्वीचा फोटो काढला. तो तिनेच पास केलेला होता. दिल्लीहून आलेल्या मुलीच्या, स्वरदाच्या, हातात त्यांनी तो फ्रेमसाठी दिला.

"बाबा, ये तो हरी है," स्वरदा म्हणाली.

"काहीतरीच काय! मागे बघ, ठीक लिहिलंय."

स्वरदाने सगळी पेटीच जमिनीवर उपडी केली. विजयाच्या शेवटच्या दोन वर्षांतले फोटो एकीकडे, त्याआधीचे एकीकडे. जुने स्वच्छ करडे होते, नवे सगळे हिरवट. मध्यंतरी दत्तात्रयांनी कागद बदलला होता आणि प्रोफाइल जुनंच ठेवलं होतं. ज्यांना फोटो दिले त्या लखनवी मंडळींनी "वाह, क्या बात है" म्हणून ठेवून घेतले होते. इथे तोंडावर कोण बोलतो?

पण मागे प्रत्येकावर 'ठीक' होतंच. दत्तात्रयांनी ते शब्द शेजारी शेजारी ठेवले. जुन्या फोटोंवरचं अक्षर बारीक आणि नेटकं होतं. नव्यांवरचं मोठं, कलतं. एकावर तर 'क' कागदाच्या कडेवरून खाली गेला होता.

"आई को दिखता नहीं था, बाबा," स्वरदा हळूच म्हणाली. "शुगर की वजह से. मला म्हणाली, बाबांना सांगू नकोस. कळलं तर ते प्रिंटर झाकून ठेवतील."

दत्तात्रयांनी ते कलते 'ठीक' पुन्हा एकेक करून पाहिले. दोन वर्षं हा माणूस तिच्या हातात कागद देत होता आणि तिच्या डोळ्यांत त्याने एकदाही नीट पाहिलं नव्हतं. फोटोग्राफर म्हणे! ते लहान मुलासारखे रडले. स्वरदाने त्यांना रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी तिने योग्य प्रोफाइल लावून तोच फोटो पुन्हा छापला. "आता एकदम न्यूट्रल आहे, स्वच्छ करडा," म्हणाली. दत्तात्रय दोन्ही प्रिंट घेऊन बाल्कनीत गेले. उजेडात धरले. त्यांना काडीचाही फरक दिसेना. मग त्यांनी ते उलटे केले. नव्याची पाठ कोरी होती.

त्यांनी जुना स्वरदाकडे दिला. "हा लाव."

"बाबा, लोग पूछेंगे, आंटी हरी क्यों है?"

"विचारू देत." ते म्हणाले. "मला दिसत नाही, तिलाही दिसत नव्हतं. आम्हा दोघांना ठीक वाटला होता, तोच लाव."