बिनचिठ्ठीची गिटार

ते प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. खून-दरोड्यांचे तपास केले, त्यांतले निम्मे विसरलो. हा मात्र विसरलो नाही, कारण यात चुकलो मी होतो.

तेव्हा मी चंद्रपूरच्या एका ठाण्यात तपास अधिकारी होतो. आमच्या हद्दीत पूर्वी गिटारी बनवण्याचा एक कारखाना होता. तो बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मालक वारले होते. त्यांच्या मुलाने फिर्याद दिली की वडिलांनी जपून ठेवलेली शिसवी पाठीची गिटार बंगल्यातून चोरीला गेली. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गिटारीच्या पोटात नंबराची छापील चिठ्ठी डकवलेली असे. तपासाला एवढी खूण पुरेशी होती.

आठवड्याभरात खबऱ्याने सांगितलं, सिंदेवाहीजवळच्या एका गावात त्याच कारखान्याचा एक जुना कामगार तसलीच गिटार वाजवतो. आम्ही गेलो. बुद्धविहाराच्या ओसरीवर गाण्याची तालीम चालली होती. सत्तरीचा माणूस, मांडीवर गिटार. मी तिच्या भोकातून आत डोकावलो. चिठ्ठी नव्हती. चिठ्ठी नाही म्हणजे चोराने काढली, असं सरळ गणित मी मांडलं. गावातलेच दोन पंच बोलावले आणि सगळ्यांदेखत जप्तीचा पंचनामा केला. तालमीला जमलेल्या बायका खाली मान घालून उभ्या होत्या.

अटक केली नाही, पण रोज ठाण्यात हजर राहण्याची नोटीस दिली. म्हातारा सकाळच्या एसटीने येई, बाकावर बसे.

"गिटार कोणाची?"

"माहीच हाये साहेब. कारखान्यातच बनवली."

"लाकूड कोणी दिलं?"

"ते नाई सांगत जी. मी चोर नाई, पण नाव नाई सांगत."

मी आवाज चढवला, समजावलं, चहा पाजला. उत्तर तेच. खोटं बोलणारा माणूस तपशील वाढवत जातो. हा कमी करत होता. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण हातात आयता आरोपी असला की अक्कल गहाण पडते.

तिसऱ्या दिवशी तो आपणहून एवढंच बोलला, "विहारात जानं बंद केलं म्या साहेब. लोक काई म्हनत नाई, पन मी गेलो का गप्प होतात."

"मग नाव सांगा आणि मोकळे व्हा."

त्याने नकारार्थी मान हलवली आणि परतीच्या एसटीला निघाला.

चिठ्ठी खरवडली असेल तर डिंकाचा डाग राहिला असेल, तो पुराव्याला येईल, म्हणून मी तारा सैल करायला लावल्या. एका शिपायाने आपला दाढीचा लहान आरसा आत सरकवला, मोबाईलचा उजेड धरला. डाग नव्हता. वरच्या फळीच्या आतल्या अंगाला पेन्सिलीने लिहिलेलं होतं. म्हाताऱ्याचं नाव आणि 'याच्यासाठी'. खाली पाच जणांची नावं, कोणी मान घासली, कोणी पाठ चिकटवली, कोणी पॉलिश केलं. शेवटी 'नापास फळ्या मी दिल्या' आणि पाळीच्या सुपरवायझरची सही.

शिपाई म्हणाला, "साहेब, हे लिहून मंग पोट बंद केलं हाये. बाहेरून इथी हात पोचत नाई."

सुपरवायझर आरमोरीला सापडले. ऐंशीच्या घरातले, पण स्मरण लख्ख.

"हो, मीच देल्ल्या. नापास फळ्या भट्टीत जात होत्या. मंग जेवणाच्या सुट्टीत सारे मिळून एकेकासाठी एक गिटार बनवत, बिनचिठ्ठीची. मालकाले कळलं असतं त माही नोकरी गेली असती, म्हणून साऱ्यायनं शपथ घेतली, का माहं नाव काढायचं नाई."

"आता कारखाना नाही, मालक नाही. मग तो अजून का गप्प?"

"काऊन म्हंजे? शपथ सुटली असं त्याले कोनी सांगितलं नाई ना!" एवढं बोलून ते रडायला लागले.

चोरीची गिटार पुढे फिर्यादीच्याच मेव्हण्याकडे नागपुरात मिळाली, चिठ्ठीसकट.

कोर्टाचा आदेश झाला. गिटार परत न्यायला मी म्हाताऱ्याला ठाण्यात बोलावलं, सुपूर्तनामा पुढे केला. त्याने पेन उचललंच नाही.

"नेताना गावात दोन पंच बोलावले होते साहेब. देताना काऊन नाई?"

आधी मला राग आला. मग शरम वाटली. दुसऱ्या दिवशी गिटार घेऊन मी त्याच ओसरीवर गेलो. तेच दोन पंच बोलावले. वर्दीत उभा राहून म्हणालो, "ही गिटार यांचीच आहे. चूक आमची झाली." एका पंचाने विचारलं, सही कुठी करू? असल्या कबुलीसाठी आमच्याकडे कागदच नव्हता.

म्हातारा म्हणाला, "सही कायले? आयकलं ना साऱ्यायनं?" आणि सैल तारांच्या खुंट्या पिळायला बसला.

आम्ही संशय चारचौघांत घेतो आणि निर्दोषपणाचा कागद हातात ठेवून घरी पाठवतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत अशा माणसाचा माल मी ठाण्यात बोलावून कधी दिला नाही. जिथून उचलला तिथे नेला आणि लोक जमेपर्यंत थांबलो.