काजळीच्या गोळ्या

ताई जाऊन दहा महिने झाले आणि तिची मांजर काजळी खाल्लेलं ओकायला लागली. केस गेले असतील पोटात, म्हणून किल्लीवाल्याने, म्हणजे ताईच्या धाकट्या भावाने, कानाडोळा केला. मग एका सकाळी काजळीला उचललं तर पाठीचा मणका न् मणका हाताला लागला. शेवटी शेवटी ताईचीही पाठ अशीच झाली होती. "ॲसिडिटी असेल," असं तिला सहा महिने तोच सांगत आला होता.

त्याने दुकान बंद ठेवलं आणि मांजरीला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोनोग्राफीत आतड्याची भिंत जाड झालेली दिसली.

"काका, ही आतड्याची जुनी सूज असेल, नाहीतर हळू वाढणारा कॅन्सर, लिम्फोमा," त्या म्हणाल्या. "नक्की कळायला तुकडा काढावा लागेल, पण तिला आता भूल सोसणार नाही. दोन्हींवर औषधं बरीचशी तीच. बरी होईल असं नाही म्हणत मी. आटोक्यात राहू शकेल."

स्टेरॉइड रोज. दुसरी, कॅन्सरवरची गोळी दिवसाआड, हातमोजे घालून, अजिबात न मोडता. आठवड्याला बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन, मधूनमधून रक्ततपासणी.

"आणि ती गिळेपर्यंत हलू नका. मांजरं गोळी गालात धरतात आणि तुमची पाठ वळली की टाकून देतात."

कसलंही कुलूप उघडणाऱ्या माणसाला मांजरीचा जबडा काही उघडेना. उघडला की गोळी टाकून तो कामाला पळायचा आणि काजळी ताईच्या खोलीत, खाटेखाली जाऊन बसायची. तीन आठवडे गेले तरी वजन तसूभर वाढलं नाही. एका दुपारी त्याला शंका आली आणि त्याने खाट ओढली.

काजळीच्या चार गोळ्या तिथे होत्याच. त्यांच्या पलीकडे, कोपऱ्यातल्या धुळीत, मोठ्या गुलाबी गोळ्या पडल्या होत्या. सतरा. ताईच्या आजारावरच्या; औषधाच्या दुकानातून त्यानेच त्या आणल्या होत्या. रोज दारातूनच तो विचारायचा, "घेतलीस का गं गोळी?" "घेतली रे बाबा, जा तू," ती म्हणायची. तो जायचा. तिने ताकास तूर लागू दिली नव्हती.

त्याने त्या एकेक करून वेचल्या.

त्यानंतर 'घेतलीस का गं गोळी?' हा प्रश्न त्याला कुठेही ऐकू यायचा, त्याच्याच आवाजात. किल्ली घासताना, गिऱ्हाइकाशी बोलताना. ताईचं उत्तर मात्र कधी ऐकू आलं नाही.

पुढच्या तपासणीला त्याने विचारलं, "गोळ्या नीट पोटात गेल्या असत्या तर वाचली असती?"

"काजळी? अहो, ती आहे की."

"तिचं नाही विचारत मी."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "ते मला नाही सांगता येणार काका," त्या हळूच म्हणाल्या.

त्या दिवसापासून तो गोळी देऊन मांडी घालून बसायचा. गळ्यावरून बोट फिरवत राहायचा, काजळी गिळून नाक चाटेपर्यंत. मग पुन्हा तोंड उघडून गाल तपासायचा. दुकानाला उशीर होऊ लागला, गिऱ्हाइकं कुरकुरली. पण ओकाऱ्या थांबल्या, वजन अडीच किलोवरून सव्वातीनवर गेलं. खिडकीत उडी मारून बसायला लागली ती.

एकोणीस महिने असे गेले. मग तिने अन्न सोडलं, औषधाचा गुण येईना, आणि त्याच्याच मांडीवर तिला शेवटचं इंजेक्शन दिलं गेलं.

"एवढे दिवस सगळ्यांना नाही मिळत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकही डोस चुकवला नाहीत तुम्ही."

घरी येऊन तो ताईच्या खाटेवर बसला. संध्याकाळी शेजारीण दार वाजवत राहिली, पण 'घेतलीस का गं गोळी?' या स्वतःच्याच आवाजापुढे त्याला ते ऐकू आलं नाही.