घरटी एक हात

मी आत्याचा दात पाडला तो भर दुपारी, देवीच्या पालखीखाली, सगळ्या गावासमोर. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी स्वतःची बाजू मांडायला लागलो, तर वाचणाऱ्यानं सावध राहावं.

सुकापूरकडून आमच्याकडे येताना आता टॉवरच टॉवर लागतात. त्यांच्या मधोमध आमचं गाव कसंबसं उरलंय, पण गावकी मात्र शाबूत आहे. देवळासमोर बसून निर्णय होतो. घरटी एक हात, आणि तोही पुरुषाचाच. ज्या घरात पुरुष नाही, त्या घराचा हात जवळचा नातलग वर करतो. आत्या विधवा, मूलबाळ नाही. तिच्या घराचा हात माझ्याकडे होता. वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून आमच्या घराचाही माझाच.

आत्याचं म्हणणं एवढंच होतं, की पालखी दारात आली की देवीची ओटी ती स्वतः भरणार. नवरा होता तोवर भरतच होती. "देवीचा नवरा कुनी बगितलाय?" ती हसून विचारायची. मला मात्र बजावलं होतं, "माज्या घराचा हात खाली ठेव. एकटाच रायला तरी चालंल."

गावकीत ठराव आला, की विधवेनं ओटी भरायची नाही, आणि हट्ट केला तर पालखी तिच्या दारात थांबणार नाही. भराभर हात वर गेले. माझा उजवा कधी वर गेला ते मला कळलंच नाही, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खोटं आहे ते, चांगलं कळलं होतं. मग पंच म्हणाले, "आनि आत्याच्या घराचा?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी टरकली. मी डावाही वर केला. वहीत लिहिलं गेलं, एकमतानं मंजूर.

आत्याला मी सांगितलं, "तुझा हात खालीच होता, पण एकाचं कोण ऐकतंय?" तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

रोडपालीला टॉवरमध्ये राहणाऱ्या एका मित्राशी या ठरावावरून माझं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, तुमचे शहरी नियम आमच्या गावाला लावू नका, जिथलं तिथं बरोबर असतं. तो म्हणाला, "पण तुझी आत्या कुठली? ती तुमच्याच गावची ना?" मी त्याला शिवी हासडून फोन ठेवला.

पालखीच्या दिवशी पुढचा दांडा माझ्या खांद्यावर होता. आत्या अंगणात ताट घेऊन उभी होती, ताटात खण, नारळ, तांदूळ. पालखी न थांबता पुढे निघाली तसं तिनं ताट टाकलं आणि दोन्ही हातांनी दांडा धरला, अगदी माझ्या तोंडासमोर. कुणीतरी तिच्या बोटांवर काठी हाणली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दुसरी काठी बसली. ती सोडेना. पालखी कलली, मागून लोक ओरडायला लागले, "पाड तिला!" मी म्हटलं, "सोड, आत्या." ती म्हणाली, "नाय." मी कोपर मागं घेतलं आणि सगळा जोर लावून तिच्या तोंडावर मारलं. रक्त तांदळात सांडलं. मला तेव्हा दया आली नाही, तिचाच राग आला. पालखी पुढे गेली, मीही गेलो.

दुसऱ्या दिवशी ती हाताला प्लास्टर आणि सुजलेलं तोंड घेऊन पोलीस ठाण्यात गेली. पंचांबरोबर मलाही बोलावलं होतं. साहेबांनी पंचांनी आणलेली गावकीची वही उघडली, पानावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाई, हे एकमतानं ठरलंय. तुमच्या घराचाही हात आहे की यात."

तिनं वही आपल्याकडे ओढून घेतली. वाचायला वेळ लागला. मग माझ्याकडे बघून, फुटलेल्या ओठांनी सावकाश म्हणाली, "दात पाडलास तवा मला वाटलं, गर्दीत तुजा तोल गेला. ह्ये तर तू देवलासमोर मांडी घालून केलंस."