कापडी बादलीतला दर्या

सत्तरच्या दशकात मी जव्हारला शिक्षक होतो. मुंबईचे एक साहेब समुद्राचे पाणी पुढे किती तापेल याचा अंदाज गणिताने काढत. तो सुधारायला त्यांना रोजचे खरे तापमान हवे होते. भातकापणी उरकली की आमच्याकडची माणसे किनाऱ्यावर मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जात. त्यांतल्या एकाला तापमान घ्यायला शिकवण्याचे काम साहेबांनी मला दिले.

तो जवळच्या साखरशेत गावचा, माझ्याच वयाचा, चौथी शिकलेला. गावातल्या एका मुसलमान कारागिराने जाड कापडाची बादली शिवून दिली. ती विहिरीत सोडून आम्ही माझ्या अंगणात सराव करायचो.

“दर्याला ताप आलाय का गुरजी, रोज बघाया?” असे म्हणून तो स्वतःच हसायचा. माझ्या बायकोने नाचणीची भाकरी वाढली की भाकरीवरही तापमापक धरायचा. “उतरला ताप,” म्हणत तुकडा मोडायचा. त्या दुपारी आठवल्या की अजून बरे वाटते.

आमच्याकडे झऱ्याचे पाणी भरले की गाळ खाली बसू देतात. त्याच सवयीने मी त्याला सांगितले, “पाणी वर काढल्यावर लगेच बघू नकोस. निवळू दे.”

हंगाम संपल्यावर साहेब माझ्या घरी आले, त्यालाही बोलावून घेतले. त्याच्या बोटीवरचे तापमान बाकी बोटींपेक्षा कायम कमी निघाले होते.

“हा झोपा काढतो आणि मनाने आकडे टाकतो,” साहेब त्याच्यादेखत म्हणाले.

“गुरजींना इचारा. त्यांनी सांगलं तसंच केलंय.”

ओसरीवर ओले फडके गुंडाळलेला माठ होता. ओल्या कापडात, वाऱ्यावर ठेवलेले पाणी गार होणारच. तेवढ्यावरून मला सगळे कळले; कापडी बादलीत पाणी निवळू द्यायला मीच सांगितले होते. पण साहेबांपुढे अडाणी ठरायची लाज वाटली, मी गप्प बसलो. त्याचे आकडे बाद झाले. बोटीवर त्याला थापाड्या म्हणू लागले. पुढे बाजाराला आला तरी तो माझ्या दारावरून न थांबता जायचा.

परवा साखरशेतला जाऊन मी त्याला हे सांगितले. तो अंगणात बाजेवर बसला होता. त्याने सगळे ऐकून घेतले.

“आता कोनाला सांगता? हसनारे सगले गेले.”

मग म्हणाला, “पोरांना सांगा माझ्या. थापाड्याची पोरं म्हनूनच वाढली ती.”

मुले मजुरीवरून अंधार पडल्यावर येणार होती. परतीची जीप सोडून मी त्याच्याशेजारी बसून राहिलो.