पेरीनच्या जिभेखालचं नाणं

पेरीनच्या जिभेखाली सोन्याचं नाणं असे. तिच्या आईचं. पॅरिसच्या त्या गल्लीत पितळेला सोन्याचा मुलामा देणाऱ्या साऱ्याच जणी तोंडात नाणं धरून भट्टीपुढे उभ्या राहत. सोन्यात कालवलेला पारा आगीवर उडून जाई, सोनं तेवढं पितळेवर उरे. उडालेला पारा पोटात न जाता नाण्याला चिकटतो, असं सगळ्या म्हणत. संध्याकाळी नाणं पांढरं निघे खरं. पण आईचे दात पस्तिशीत गेले, पेरीनचे चाळिशीत, आणि आता हात असे थरथरत की सूपचा चमचा तोंडाशी येईतो रिकामा होई.

काउंटेसबाईंचं घड्याळ तिनं दोनदा मढवलं होतं. ते तिसऱ्यांदा परत आलं.

"शेजारच्या हवेलीतलं याहून पिवळं दिसतं," बाईंचा कारभारी नाकाला रुमाल लावून म्हणाला. त्याच्या टोपावरची पावडर खांद्यावर सांडली होती. "चार लोकांत बाईंची मान खाली गेली."

पेरीननं नाणं गालात सरकवलं. "वेळ तरी बरोबर दाखवतं का?"

"वेळ? त्याला चावी कोण देतंय!"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे माझे दात गेले ते बंद घड्याळापायी?"

"पेरीन, तोंड आवर," मालक बुव्हिए गुरकावले. "तुझ्या हातून आता थर सारखा बसत नाही. उद्यापासून लेकीला उभी कर. नाणं दे तिला."

लेक निकोलेत नदीवर लोकांचे कपडे धुवायची. हात सोलवटलेले, पण स्थिर. नाण्याशिवाय बुव्हिए कुणाला भट्टीपुढे येऊ देत नसत आणि स्वतः कधी नाणं देत नसत. ते आईकडूनच यायचं.

पेरीननं नाणं बाहेर काढलं. पत्रा कापायची कात्री घेतली. थरथरत्या हातांनी त्याचे तुकडे केले आणि पाऱ्याच्या मुशीत टाकले.

"अगं बये, काय केलंस हे!" बुव्हिए ओरडले.

"बाईंना सोनं जास्त हवंय ना? घ्या! माझ्या आईची थुंकी आहे त्यात, माझीही आहे. मिरवा म्हणावं दिवाणखान्यात!"

"आणि पोरगी तोंडात काय धरेल?"

"जीभ. माझ्यापेक्षा तिखट आहे तिची. पण इथं नाही चालवणार ती, नदीवर चालवेल."

तिसरा थर पेरीननंच दिला. जिभेखाली काही नव्हतं, म्हणून त्या दिवशी तिची एकेक शिवी गल्लीच्या टोकापर्यंत स्पष्ट ऐकू गेली.