रिकाम्या खुर्चीसमोर चौघे

मालकांच्या छातीत दुखायला लागलं आणि त्यांना दवाखान्यात हलवलं, तेव्हा आमच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, त्यांच्या हाताखाली आम्ही चार विभागप्रमुख होतो. उत्पादन सांभाळणारे काका, ज्यांचं सगळं आयुष्य भट्टीपुढे गेलेलं. विक्री बघणारे साहेब, पुण्याहून येऊन त्यांना दोनच वर्षं झालेली. खरेदीचे, फार कमी बोलणारे गृहस्थ. आणि माल तपासून पास करणारी मी. रोज बावड्याहून स्कूटरवर शिरोलीच्या कारखान्यात जाणारी, चौघांतली एकटी बाई.

ऑपरेशनला आत नेण्याआधी त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं. "मिळून चालवा," एवढंच म्हणाले. पुढे दीड महिना डॉक्टरांनी त्यांना फोनसुद्धा बंद केला.

मिळून कसं चालवायचं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आम्ही एकमेकांशी कधी भांडलोही नव्हतो. ज्याला जे हवं असेल ते तो एकटा केबिनमध्ये जाऊन मालकांकडून पदरात पाडून घ्यायचा आणि बाकीच्यांना ते नंतर कळायचं.

तिसऱ्या आठवड्यात तक्रार आली. आम्ही एका ट्रॅक्टर कंपनीला गिअरबॉक्सची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, पुरवायचो. त्यांत आतून पोकळी निघत होती. त्यांचे दोन अधिकारी थेट आमच्या शेडमध्ये येऊन उभे राहिले.

"कारण काय?" त्यांतल्या थोरल्यानं विचारलं.

"साच्याच्या वाळूतच दोष हाय," काका म्हणाले.

"वाळू नेहमीचीच आहे," खरेदीवाले हळूच म्हणाले.

"तुम्ही निश्चिंत राहा, शनिवारी नवा लॉट पोचतो," विक्रीसाहेब मध्येच बोलले.

काका गर्रकन वळले. "कुठला शनिवार? मला कुणी इचारलंय का?"

पाहुण्यांसमोर हे चाललं होतं. भट्टीच्या झळांनी आधीच घाम फुटलेला, त्यात माझे कान तापले. त्या अधिकाऱ्यानं वही मिटली. "उद्या संध्याकाळपर्यंत कळवा. पण एक उत्तर द्या, चार नकोत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मालकांच्या केबिनमध्ये बसलो. त्यांच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही. पहिला अर्धा तास नुसता आरडाओरडा झाला.

"मी गिऱ्हाइकाला शब्द दिलाय," विक्रीसाहेब टेबलावर हात आपटून म्हणाले.

"शब्द तुमचा, भट्टी माझी!" काकांचा आवाज शेडपर्यंत गेला असणार.

मी गप्प होते. त्याला कारण होतं. पंधरा दिवसांपूर्वी माझ्या तपासणीत सहा नग संशयास्पद निघाले होते. विक्रीसाहेबांनी घाई केली आणि मी 'चालेल' अशी सही करून ते सोडले. काकांना सांगितलं नाही. आता बोलले असते तर सगळं माझ्यावर शेकलं असतं. पण संध्याकाळ जवळ येत होती.

"थांबा," मी म्हणाले. "मला आधीच दिसलं होतं. सही माझीच आहे." आणि सगळं सांगून टाकलं.

काका माझ्याकडे बघतच राहिले. आता तोंडसुख घेतील म्हणून मी मान खाली घातली. पण बोलले ते खरेदीवाले.

"वाळू तीच आहे. पण ती घट्ट बसावी म्हणून जे रेझिन मिसळतो, ते बदललंय. जुना पुरवठादार देईना. मी फक्त मालकांना सांगितलं होतं."

"व्हय?" काका खुर्चीतून अर्धवट उठले. "म्हणून वास येगळा येतोय! त्याचाच वायू आत अडकून पोकळी पडतीय. माणसं डोळं चोळत्यात महिनाभर." मग एकदम बसले. "मला कुणी सांगितलं न्हाय, पन म्यासुद्धा कुणाला इचारलं न्हाय."

विक्रीसाहेब म्हणाले, "शनिवार मीच मनानं ठरवला होता. म्हटलं, एकदा तारीख दिली की तुम्ही कराल कसंतरी."

त्या रेझिनचं काम आम्ही त्याच दुपारी थांबवलं. संध्याकाळी ट्रॅक्टर कंपनीला फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवून चौघे समोर बसलो. झालेलं सगळं विक्रीसाहेबांनीच सांगितलं, माझ्या सहीसकट. आधी पाठवलेला माल परत मागवला आणि नवी तारीख काकांना विचारून दिली. पलीकडचा माणूस चिडला. एका भागाचं काम त्यानं आमच्याकडून काढून दुसरीकडे दिलं, ते आजवर परत आलेलं नाही.

मालक घरी आल्यावर आम्ही चौघे भेटायला गेलो. सगळं ऐकून ते दुखावले. "एवढा मोठा निर्णय, आणि मला विचारलं नाही?"

"आम्ही एकमेकांस्नी इचारलं, साहेब," काका म्हणाले.

वहिनींनी, म्हणजे मालकांच्या पत्नीनं, चहा आणला तरी कुणी कप उचलेना. मग मालकांनी माझ्याकडे बघून विचारलं, "सही केलीस ते सांगायला भीती नाही वाटली?"

"खूप वाटली," मी म्हणाले.

आता दर सोमवारी आम्ही चौघे दार लावून बसतो. मालक बसतात, पण शेवटी बोलतात. भांडणं पूर्वीपेक्षा जास्त होतात. गेल्या महिन्यात मी नापास करून परत पाठवलेला एक लॉट पुन्हा वितळवायला लागला म्हणून काका चार दिवस माझ्याशी बोलले नव्हते. शेडमधल्या माणसांनी कारण विचारलं तेव्हा मात्र ते म्हणाले, "आमचं ठरलंय. वितळवा."